वर्गमूळ विरघळवण्याचा चार महिन्यांचा कार्यक्रम

६ जानेवारी २०१९, रविवार. इंग्रजी घड्याळात सकाळचे सात वाजून वीस. आमच्या हिशेबाने एक वाजून वीस.

चुलीपाशी बसून पेन्सिलीला टोक करत होतो, तेव्हा ही रोजनिशी लिहायचे ठरले. टोक तीनदा मोडले, चौथ्यांदा टिकले. चांगले लक्षण.

घड्याळाचे एकदाच लिहून ठेवतो. शाळा, बँक आणि सरकारी कागद इंग्रजी घड्याळाने चालतात. बाकी सगळे न्जोम्बे गाव उजाडल्यापासून तास मोजते. इंग्रजी सातला आमचा एक, इंग्रजी आठला आमचे दोन. घोटाळा नको म्हणून या वहीत मी दोन्ही वेळा लिहीन. दर वेळी.

परिस्थिती. वय चोवीस. बाबा गेले तेव्हा शाळेची शेवटची इयत्ता, फॉर्म सिक्स, अर्धी झाली होती, ती अर्धीच राहिली. लाकडाच्या वखारीत मापाडी आहे. फळ्या मोजतो आणि वहीत लिहितो. गेल्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसलो. भूगोल सुटला, भौतिकशास्त्र सुटले, गणित राहिले. भूमापनाच्या डिप्लोमाला गणित लागते. त्यावाचून अर्जसुद्धा घेत नाहीत.

यंदाची फी लुटेंगानोदादाने डुक्कर विकून भरली. काल जेवताना त्याने अट सांगितली. मक्याच्या उगालीचा घास हातात तसाच धरून सांगितली, म्हणजे ती पक्की आहे.

“हे शेवटचं, ओनेस्मो. सुटलास तर कॉलेजचं मी बघतो. नाही सुटलास तर जुलैपासून माझ्याबरोबर खोऱ्यातल्या वाफ्यांत उतरायचं. पुढच्या जानेवारीत तुमाइनीला बोर्डिंगला घालायचीय. दोघांचं मला झेपायचं नाही.”

तुमाइनी म्हणजे त्याची थोरली. ती समोरच बसून जेवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मला काळजी नाही. गेल्या वर्षी कुठे अडलो ते मला नेमके ठाऊक आहे. इंटिग्रेशन करताना मध्ये वर्गमूळ आले की मी थांबतो. त्यावर उपाय आहे. x च्या जागी साइन, टॅन किंवा हायपरबोलिक साइन घालायचा, की वर्गमूळ विरघळते आणि खाली साधे गणित उरते. याला सब्स्टिट्यूशन म्हणतात. तेवढे एक हातात आले की बाकीचा अभ्यासक्रम आपोआप येतो, असे माझे मत आहे.

कार्यक्रम. जानेवारी: सब्स्टिट्यूशन. फेब्रुवारी, मार्च: उरलेले सगळे. एप्रिल: उजळणी. रोज दहा गणिते, म्हणजे चार महिन्यांत बाराशे. थोडी जास्त होतात, पण असू देत.

८ जानेवारी, मंगळवार. इंग्रजी संध्याकाळचे साडेपाच, आमचे साडेअकरा.

किलासी सरांच्या शिकवणीला नाव घातले. महिना दहा हजार शिलिंग. मंगळवार आणि शनिवार. चर्चमधल्या लहान मुलांच्या वर्गाची खोली आहे, त्यामुळे खुर्च्या सहा वर्षांच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला लागतात. बाकीची दहा मुले गणवेशातली, अठरा-एकोणीसची. शेजारी एस्नाथ चाउला नावाची मुलगी बसली. तिने विचारले की तुम्ही तपासणीला आलात का. मी म्हणालो, विद्यार्थी आहे. मग टाय कशाला, असे तिचे म्हणणे. यापुढे टाय नाही.

सर गळ्यात लोकरी मफलर गुंडाळून फळ्याकडे तोंड करून शिकवतात आणि दर ओळीनंतर “सोपं आहे” म्हणतात. आज सोळा वेळा म्हणाले. तीन आकार सांगितले. नऊ वजा x वर्ग, तिथे साइन. नऊ अधिक x वर्ग, तिथे टॅन किंवा हायपरबोलिक साइन. x वर्ग वजा नऊ, तिथे सीकंट किंवा हायपरबोलिक कोसाइन. सगळे उतरवून घेतले. सरांनी फळ्यावर ‘हायपरबोलिक’मधले एक अक्षर गाळले होते. माझ्या वहीत ते आहे.

समजले असे वाटते. गणिते: शून्य, कारण आज फक्त समजून घ्यायचे होते.

१२ जानेवारी, शनिवार. इंग्रजी सहा, आमचे बारा.

तीन आकारांचा तक्ता करायला घेतला. भिंतीवर लावला की उठल्याबरोबर दिसेल. एकेका आकाराला एकेक रंग, लाल, निळा आणि हिरवा. हिरवे पेन न्जोम्बेत कुठेच मिळाले नाही. वखारीतून सुटल्यावर बसने मकांबाकोला जाऊन आणले. पेन पाचशेचे, बस जाऊन येऊन सहा हजार. त्यात शिकवणी बुडाली. पण शिकवणीत जे झाले असेल ते तक्त्यात येणारच आहे.

दादाने विचारले, काय आणलेस. पेन, म्हणालो. त्याने टोपण काढून पेनाचे टोक बघितले. मग म्हणाला, लिहितं का. लिहिते.

गणिते: शून्य. उद्यापासून वीस.

२० जानेवारी, रविवार. इंग्रजी दुपारचे दोन, आमचे आठ.

तक्ता पूर्ण. चारी बाजूंनी पट्टीने दुहेरी चौकट. वहिनी म्हणाली, सुरेख झालाय, आणि विचारले की यात आमच्या चर्चच्या गायनाच्या सरावाचा वार कुठला. भिंतीवर जरा तिरका लागला होता. काढून पुन्हा लावला. आता दुसऱ्या बाजूला तिरका आहे.

आजवर दीडशे गणिते व्हायला हवी होती. झाली शून्य. पण पाया पक्का झाला. पाया पक्का असला की वेग आपोआप येतो.

२९ जानेवारी, मंगळवार. इंग्रजी साडेसहा, आमचे साडेबारा.

पहिले गणित केले. वर एक, खाली x वर्ग अधिक नऊ याचे वर्गमूळ. तक्त्यात बघितले: निळा. x च्या जागी तीन हायपरबोलिक साइन u घातला. वरचे खालचे कटले, वर्गमूळ खरोखरच विरघळले आणि उत्तर आले u अधिक C. इतके आटोपशीर उत्तर मी आजवर काढलेले नव्हते. एस्नाथला दाखवले. तिने विचारले, u कोण. मी म्हणालो, उत्तर. मग ती हळूच बोलली, पण मागच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा बेताने.

“अहो मापाडी, गिऱ्हाइकानं फुटात फळी मागितली आणि तुम्ही सोपं पडतं म्हणून मीटरात मोजलीत, तर पावतीवर काय लिहिता? फूटच ना? गिऱ्हाईक x घेऊन आलं होतं. त्याला u देऊन घरी पाठवताय होय?”

मुले हसली. सरही हसले, मग म्हणाले सोपं आहे.

नियम, लाल शाईने, तक्त्याच्या डोक्यावर लिहिला: शेवटी परत यायचे.

गणिते: एक. खरे म्हणजे पाऊण.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. इंग्रजी पाच, आमचे अकरा.

निळ्या आकारात टॅन घालायचा की हायपरबोलिक साइन, हे ठरत नाही. दोन आठवडे झाले. दोन्हींनी वर्गमूळ जाते. टॅन ओळखीचा आहे, पण त्याने पुढे सीकंटचे इंटिग्रल निघते आणि ते लांबते. हायपरबोलिक आखूड आहे, पण त्याला कोन नाही, त्रिकोण नाही, धरायला काहीच नाही. सरांना विचारले. ते म्हणाले, जे आवडेल ते. हे काही जबाबदार उत्तर नव्हे. एस्नाथने दोन्ही करून दाखवले, दोन्ही मिळून सात मिनिटांत, आणि विचारले की तुम्ही वखारीत उजव्या हाताने मोजता की डाव्या, हे ठरवायला किती वर्षे लागली होती.

निर्णय: सम तारखेला हायपरबोलिक, विषम तारखेला टॅन. निर्णय झाल्यावर फार हलके वाटले.

आज चौदा, म्हणजे हायपरबोलिक. पण वखारीत तीन ट्रक भरायचे होते. उद्या पंधरा, टॅन.

जानेवारीचे सब्स्टिट्यूशन फेब्रुवारीत आले आहे, याची नोंद आहे. फेब्रुवारी लहान महिना असतो, त्यामुळे नुकसान कमी.

५ मार्च, मंगळवार. इंग्रजी साडेसहा, आमचे साडेबारा.

आज वर्गात नऊ वजा x वर्ग याचे वर्गमूळ, शून्यापासून तीनपर्यंत. लाल आकार. सगळ्यात आधी माझे झाले. उत्तर बारा पूर्णांक सत्त्याऐंशी. बाकी सगळ्यांचे सात आणि थोडे आले. मला वाटले त्यांनी घाई केली.

एस्नाथने वही ओढून घेतली आणि पाव वर्तुळ काढले, त्रिज्या तीन. त्याभोवती चौकोन काढला, तीन गुणिले तीन, नऊ. पाव वर्तुळ चौकोनाच्या आत बसले होते.

“ओंडका नऊचा, आणि त्यातनं फळी काढलीत बारा पूर्णांक सत्त्याऐंशीची. कुठली करवत म्हणायची ही? आमच्या बाबांना सांगते, दोन घेऊन टाकतील.”

चूक अशी की x चा थीटा केला, पण हद्दी x च्याच ठेवल्या. शून्य ते तीन हे x चे होते. थीटाचे शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत हवे होते. घर बदलले आणि पत्ता जुनाच सांगत राहिलो. दुसरा नियम: बदलायचे तर सगळे बदलायचे. तक्त्यावर जागा उरलेली नाही. बाजूला कागद चिकटवला. आता तक्ता त्या बाजूला जड होऊन कलतो.

घरी येताना चढ फार वाटला. मध्ये दोनदा बसलो. दमण्यासारखे काहीच केले नव्हते.

२४ मार्च, रविवार. इंग्रजी चार, आमचे दहा.

हिशेब. ठरलेली गणिते बाराशे. झालेली एकोणीस. त्यांतली बरोबर सहा. त्या सहांतली चार एस्नाथने माझ्या वहीत करून दाखवलेली. अक्षर तिचे आहे, पण वही माझी.

बांबूचा रस उतरायचा हंगाम आहे. शेजारी रोज दुपारी त्याची दारू, उलांझी, प्यायला हाक मारतात. तीनदा नाही म्हणालो. चौथ्यांदा नाही म्हणणे उद्धटपणाचे झाले असते. तिसऱ्या पेल्यानंतर सब्स्टिट्यूशन एकदम स्पष्ट दिसायला लागले, सगळेच्या सगळे, हिरव्या आकारासकट. जवळ कागद नव्हता.

दादाने विचारले, किती प्रकरणे झाली. मी म्हणालो, एक होत आले. एकूण किती आहेत, म्हणाला. पुस्तक बघून सांगतो, म्हणालो. बघितले. अठरा आहेत. अजून सांगितलेले नाही.

वहिनी म्हणते, तुझे डोळे आत गेलेत, जरा विश्रांती घे. घेतो आहेच.

१३ एप्रिल, शनिवार. इंग्रजी सहा, आमचे बारा.

सरांनी सराव परीक्षा घेतली. दहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. मला एकूण अकरा. त्यांतले सात एकट्या सब्स्टिट्यूशनचे. दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के. सत्तर टक्क्यांना चांगली श्रेणी मिळते.

सरांनी पेपर परत देताना मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला, आणि सगळे गेल्यावर मला थांबवले.

“ओनेस्मो, याला शंभरातले दहाच गुण असतात. तीन महिने तू त्या दहांच्या दारात बसलायस. बाकीचे नव्वद कुठं आहेत?”

मी सांगितले की नव्वदांचा कार्यक्रम उद्यापासून सुरू होतो. या वेळी ते सोपं आहे म्हणाले नाहीत. एप्रिलची फी दिलीस तरी चालेल, नाही दिलीस तरी चालेल, असे म्हणाले. याचा अर्थ काय घ्यायचा ते कळले नाही.

नवा कार्यक्रम: सतरा प्रकरणे, पंचवीस दिवस. दिवसाला एक आणि वर आठ दिवस विश्रांती. कागदावर अगदी नीट बसते.

२२ एप्रिल, सोमवार. इंग्रजी दहा, आमचे चार.

ईस्टरच्या आठवड्यात वहिनीच्या गायनाच्या बाकड्यांची ने-आण माझ्याकडे होती. संख्याशास्त्राचे पहिले पान वाचले. दुसऱ्या पानावर सरासरी आहे. सरासरी मला येते. म्हणजे ते प्रकरण झाल्यासारखेच.

उरलेल्या सोळांपैकी चार सोडून द्यायचे ठरवले. नंतर सात. सोडून दिलेल्यांची यादी हिरव्या पेनाने केली. यादी चांगली दिसते.

२९ एप्रिल, सोमवार. आमचे पाच.

इंग्रजी वेळ लिहिणे बंद केले आहे. एकच गोष्ट रोज दोनदा लिहायची, याचाही शीण येतो.

बाहेरून बसणाऱ्यांचे केंद्र गावाच्या पलीकडच्या टोकाला आहे. एस्नाथ आणि बाकीची मुले आपापल्या शाळेत बसणार. मी एकटाच जाऊन सूचनाफलकावरचे वेळापत्रक उतरवून आणले. फलकावर इंग्रजी आठ लिहिले होते. घोटाळा नको म्हणून तिथल्या तिथे बदलून आमची वेळ चिठ्ठीवर लिहिली: गणित पहिला पेपर, बुधवार ८ मे, २:००. गणित दुसरा पेपर, सोमवार १३ मे, २:००. चिठ्ठी पाकिटात, पाकीट आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन.

४ मे, शनिवार. आमचे नऊ.

शिकवणी संपली. सरांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझा हात जरा जास्त वेळ धरला.

परीक्षेच्या आठवड्याचा स्वच्छ तक्ता केला. तीन रंग. चिठ्ठीवरून उतरवताना एक गोष्ट वेळेवर ध्यानात आली. सरकारी वेळापत्रक इंग्रजी घड्याळाने असते. मी २:०० तसेच उतरवणार होतो. शेवटी परत यायचे, हा नियम आठवला. इंग्रजी दोन म्हणजे आमचे आठ. तक्त्यात लिहिले: दुपार, आमचे आठ. केवढी चूक झाली असती.

सकाळ मोकळी मिळते हे फार बरे झाले. उरलेली नऊ प्रकरणे त्या दोन सकाळींत वाटून टाकली.

८ मे, बुधवार. आमचे तीन, सकाळ.

शांत आहे. दादा उजाडायच्या आत खोऱ्यात गेला. जाताना माझ्या चहाच्या पेल्याखाली मोटारसायकलच्या भाड्याचे दोन हजार ठेवून गेला. 

वहिनीने विचारले की तू अजून इथंच कसा, वरच्या आळीतली पोरं तर पहाटेच टाय लावून गेली. मी समजावले की त्यांचा दुसरा विषय असेल. ती म्हणाली, एकदा कुणाला तरी विचारून घे. मी तिला तक्ता दाखवला. तक्ता बघून ती भांडी घासायला गेली.

लॉगॅरिदमचे प्रकरण उघडून बसलो आहे. भूक नाही.

त्याच दिवशी. आमचे अकरा.

एक तास आधी पोचलो होतो. दारात बरीच मुले उभी होती, म्हणून सगळे ठीक वाटले. फक्त त्यांच्या हातात शेतीचे पुस्तक होते. परीक्षेचा शेवटचा क्षण म्हणून वेगळे काही वाचत असतील, असे मनात आले.

आत सोडणाऱ्या बाईंनी माझे ओळखपत्र बघितले, यादी बघितली, पुन्हा ओळखपत्र बघितले.

“गणित सकाळीच झालं, बाळ.”

मी पिन काढून पाकिटातली चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली.

“बरोबर लिहिलंयस की. दोन. आपले दोन. सकाळी.”

मग कुणी लिहिली म्हणून विचारले. मी, म्हणालो. त्यांनी चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात दिली, जशी होती तशीच घडी घालून.

एकदा बदलले होते. परत आलो होतो. त्यानंतर पुन्हा एकदा परत आलो. पद्धतीत चूक नव्हती, एक पायरी जास्त झाली.

पायऱ्यांवर बसलो. शेतीची मुले आत गेली. शिपायाने येऊन हलकेच सांगितले की इथे बसता येत नाही.

घरी न जाता खोऱ्यात गेलो. दादा कोबीच्या वाफ्याला पाणी वळवत होता. सांगितले. त्याने फावडे मातीत उभे केले आणि विचारले, किती वाजले आता. दहा, म्हणालो.

“कुठल्या घड्याळानं?”

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरेच खात्री करून घ्यायची होती. आपल्या, म्हणालो. त्याने मान हलवली आणि पुन्हा पाणी वळवायला लागला. मी दुसऱ्या टोकाला जाऊन बांध धरला.

९ मे, गुरुवार. आमचे सात.

एस्नाथ वखारीत आली. पेपर कसा गेला, विचारले. मी सांगितले. ती नेहमीसारखे काहीतरी बोलेल म्हणून वाट बघितली. ती नुसती फळ्यांच्या थप्पीवर बसून राहिली. हे मला आवडले नाही.

मग मीच विचारले की सब्स्टिट्यूशन आले होते का. आले होते. तिने फळीवर खडूने लिहून दाखवले. वर एक, खाली वर्गमूळ, आत x वर्ग अधिक चार x अधिक तेरा. मी पावतीपुस्तकाच्या मागे करायला घेतले. आधी वर्ग पूर्ण केला, x अधिक दोनचा वर्ग, अधिक नऊ. निळा. x अधिक दोनच्या जागी तीन हायपरबोलिक साइन u. उत्तर u. परत आलो, x अधिक दोन भागिले तीन, त्याचा उलटा हायपरबोलिक साइन, अधिक C. अकरा मिनिटे. तक्ता न बघता.

एस्नाथने दोनदा तपासले. बरोबर आहे, म्हणाली. दहापैकी दहा. मग फळीवरचे खडूचे लिखाण स्वतःच्या बाहीने पुसले, कारण ती फळी विकायची होती.

तारीख विषम होती. टॅन घालायला हवा होता, हे नंतर लक्षात आले.

१३ मे, सोमवार. आमचे सहा.

दुसरा पेपर. मध्यरात्र उलटल्यावर झोप लागली नाही म्हणून केंद्रावर उजाडायच्या आधीच जाऊन बसलो. तोच शिपाई होता. आज बसू दिले.

पेपरात सब्स्टिट्यूशन नव्हते. मी सोडून दिलेली सातही प्रकरणे होती. पहिला पेपर नसल्यावर दुसऱ्याचा उपयोग होतो का, हे कुणाला विचारलेले नाही. तीन तास बसलो. नाव, क्रमांक, तारीख सुवाच्य लिहिले. सरासरी एका ठिकाणी आली होती, ती केली.

१५ जुलै, सोमवार. आमचे एक, सकाळ.

गुरुवारी निकाल लागला. एस्नाथने फोन करून सांगितले. तिला गणितात दुसरी श्रेणी. माझ्या नावापुढे श्रेणी नाही, ‘अपूर्ण’ असे आहे. ती म्हणाली, नापास तर नाही ना लिहिलं. नाही.

दादा रविवारी चर्चच्या दारात लोकांना सांगत होता की यंदा पेपर फार अवघड होता, चांगली चांगली पोरं राहिली. मी मागेच उभा होतो. त्याने मला बघितले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. घरी आल्यावर मला म्हणाला, शनिवार-रविवार खोऱ्यात यायचं, आणि वखारीच्या पगारातले महिन्याला पंधरा हजार तुमाइनीच्या बोर्डिंगसाठी बाजूला काढायचे. मी हो म्हणालो. पुढच्या वर्षीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. नवा कार्यक्रम करण्यासाठी पट्टी घेतली होती, ती परत ठेवली.

झालेला खर्च:
परीक्षेची फी ६५,०००
शिकवणी, तीन महिने ३०,०००
कॅल्क्युलेटर २५,०००
हिरवे पेन ५००
त्यासाठी बस ६,०००
लाल आणि निळे पेन १,०००
कागद, डिंक २,०००
मोटारसायकल, दोन पेपर ४,०००
एकूण १,३३,५०० शिलिंग.

देणे:
दादा ६५,००० (दादा म्हणतो देणे नाही. खोडले. पुन्हा लिहिले.)
किलासी सर, एप्रिल १०,०००
एकूण ७५,०००.

हातात ९,४००. वाफ्यांत चिखल असतो, गमबूट लागतात. बाजारात १२,०००. तूर्त दादाचे जुने घालणार. एक नंबर मोठे आहेत.